पत्रांची पाने रद्दीत जाण्याआधी : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पुण्याच्या पेठांत एखादा वाडा पाडायला निघाला की माळ्यावरचे गठ्ठे खाली येतात. पोथ्या, पंचांगे, दिवाळी अंक कुणीतरी बाजूला काढून ठेवते. ट्रंकेच्या तळाशी सापडलेली ‘फक्त प्रौढांसाठी’ची मासिके मात्र पाहुण्यांच्या नजरेस पडायच्या आत रद्दीत जातात. त्यातली थोडी बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात दिसतात, उरलेल्यांचा लगदा होतो. या मासिकांतल्या एकाच भागासाठी हे पत्र आहे, तो म्हणजे वाचकांची पत्रे.

डॉक्टरांना विचारायची लाज, घरात विचारायची सोय नाही, अशा वेळी माणूस पाकिटात प्रश्न घालून खाली ‘एक वाचक’ अशी सही करायचा. लग्न, पाळी, गर्भधारणा, हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण यांबद्दल साधी मराठी माणसे कोणत्या शब्दांत विचारत होती, हे दुसऱ्या कुठल्या दप्तरात सापडणार? सरकारी अहवालांत आकडे मिळतील, ती वाक्ये नाही मिळणार.

र. धों. कर्वे यांचे लैंगिक शिक्षण आणि संततिनियमनाला वाहिलेले मासिक ‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ मध्ये सुरू झाले आणि १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या हयातभर चालले. चाळवणाऱ्या मासिकांच्या रांगेत त्याला बसवणे अन्यायाचे आहे, पण त्या काळी नेमके तेच झाले. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना छापलेल्या उत्तरांवर. र. धों.ची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. र. धों. खटला हरले, दंड झाला. ज्या पत्रांसाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, त्या प्रकारचा मजकूर जपताना महाराष्ट्र शासनाने संकोच करू नये.

या पानांचा नाश कसा होतो, तेही सांगतो. स्वस्त मासिके न्यूजप्रिंटवर निघत. त्या कागदात लाकडातले लिग्निन राहते. हवा-उजेडाने ते पिवळे पडते, कागदात आम्ल वाढते आणि शेवटी पान दुमडले तिथे तुटते. पिना गंजतात, म्हणून मधला ताव सगळ्यांत आधी सुटतो. पुण्याच्या पावसाळ्यात दमट कपाटात बुरशी आणि कसर लागते. पण सर्वांत मोठे नुकसान माणसाच्या हातून झाले आहे. ग्रंथालयांत वर्षाचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकायची पद्धत होती. पत्रे बहुधा शेवटी, जाहिरातींना लागूनच छापलेली. तीही त्यांच्याबरोबर गेली. वर कडा कापताना समासातला मजकूर गेला तो वेगळाच. म्हणून ‘संच पूर्ण आहे’ एवढ्या नोंदीवर विसंबू नये, पानांचे आकडे मोजून पाहावेत.

डागडुजी चुकीची झाली तर न केलेली बरी. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांना सक्त मनाई हवी. दोन्ही परत काढता येत नाहीत, आणि टेपचा गोंद कागदात मुरून तपकिरी पट्टा उठतो. बाइंडर खळीत मोरचूद घालतात. त्याने कीड दूर राहते, पण कागद जळतो. गव्हाच्या स्टार्चची साधी पातळ खळ आणि जपानी टिश्यू (लांब तंतूंचा पातळ कागद) एवढे पुरे. पिन ओढायची नाही: तिचे मागचे दोन पाय बोथट पातीने उचलून सरळ करायचे आणि मग ती पुढून अलगद काढायची. ओढलेली पिन कागदाचा तुकडा घेऊनच येते. किडलेला अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवावा, बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये, नाहीतर थंड कागदावर पाणी धरते. डांबराच्या गोळ्यांनी आत शिरलेली कीड मरत नाही.

प्रत्येक न्यूजप्रिंट अंक धुऊन आम्लमुक्त करणे परवडणार नाही, तेव्हा आधी स्कॅन करावे. अंक काचेवर पालथा दाबला की कणा तुटतो. वरून कॅमेरा लावावा आणि अंक पाळण्यात, म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरत्या आधारात, अर्धवट उघडा ठेवावा. मागच्या पानाची अक्षरे उमटू नयेत म्हणून पानाखाली काळा कागद सरकवावा. ए५ आकाराचे एक पान ४०० डीपीआयने (इंचाला ४०० ठिपके) रंगीत घेतले तर टिफ फाइल सुमारे २३ एमबीची होते. ४८ पाने आणि मुखपृष्ठाच्या चार बाजू धरल्या तर अंकाला साधारण १.२ जीबी. अशा तीन प्रती हव्यात आणि त्यांतली एक पुण्याबाहेर.

यंत्राने अक्षरे ओळखण्याचे काम इथे अडते. खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरे तुटलेली, आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार पानभर. यंत्र निम्मे अनुस्वार गाळते आणि कागदावरच्या डागाला अनुस्वार समजते. म्हणून सूचीत मूळ रूप आणि आजचे रूप अशी दोन्ही भरली नाहीत, तर ‘नाव’ शोधणाऱ्याला ‘नांव’ कधीच सापडणार नाही. हे काम माणसाने बसूनच करायचे आहे.

सगळी पत्रे खरी नव्हती, हे मान्यच करावे लागेल. संपादकही पत्रे लिहून घेत. एकच लकब महिनोन् महिने, गावाचा पत्ता नाही, आणि पत्र ऐन रंगात आल्यावर ‘पुढील अंकी’, असे दिसले की शंका घ्यावी. खऱ्या प्रश्नात बहुधा अशी रंगत नसते. तो चार ओळींत भीती सांगतो आणि उपाय मागतो. दोन्ही प्रकार जपावेत, पण सूचीत तशी खूण असावी, आणि पत्रे मोजून लोकांच्या वागणुकीची टक्केवारी कुणी काढू नये. उत्तरांतला जुना, चुकीचा वैद्यकीय सल्लाही टिपेसह ठेवावा.

कायद्याची अडचण आहे, पण वाट आहे. भारतीय न्याय संहितेच्या अश्लील साहित्याबद्दलच्या कलम २९४ मध्ये विज्ञान, साहित्य, कला, विद्या यांच्या हिताच्या प्रकाशनांना अपवाद आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्येही तो होता. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(एन) सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे असलेल्या छापील प्रतीची डिजिटल प्रत जपणुकीसाठी ठेवू देते. निनावी मजकुराचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. अमेरिकेतील किन्से इन्स्टिट्यूट या लैंगिकतेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेसाठी आलेले साहित्य तिथल्या कस्टम्सने अडवले, तेव्हा १९५७ मध्ये न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला, कारण ते अभ्यासकांपुरतेच राहणार होते. तोच मार्ग इथे घ्यावा: वाचनकक्षात, अर्ज करून, १८ वर्षांवरील अभ्यासकांना.

सगळे इंटरनेटवर टाका, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. छायाचित्रांतल्या स्त्रियांना कुणी विचारले नव्हते, ती पाने बाहेर जाऊ नयेत. अल्पवयीनांचा संशय येईल असे पान स्कॅनही करू नये. पत्राखालचे नाव झाकून भागत नाही. तालुका, व्यवसाय आणि मुलांची संख्या एवढ्यावर गावातला माणूस ओळखू येतो. म्हणून अलीकडच्या अंकांतले हे तपशीलही झाकावेत आणि मूळ प्रत कुलपात ठेवावी.

पुराभिलेख संचालनालय आपल्याच खात्यात येते आणि पुण्यात त्याचे दफ्तर आहे. तिथे एक खोली, एक कागदतज्ज्ञ, एक छायाचित्रकार आणि जुनी मराठी वाचू शकणारे दोन सूचीकार द्यावेत. पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय अशा संस्थांना पत्र पाठवून त्यांच्याकडे काय आहे याची यादी मागवावी. घरातले गठ्ठे नाव न विचारता स्वीकारले जातील, असे जाहीर करावे; लाज हेच ते टाकण्याचे कारण असल्याने देणाऱ्याचे नाव नोंदवायची अट घातली तर कुणी येणार नाही. यादीचे काम मेअखेर व्हावे. जूनमध्ये दमट हवा सुरू झाली की ठिसूळ गठ्ठे सोडता येत नाहीत.

आपले,
जुनी मराठी नियतकालिके जमवणारे आणि त्यांची डागडुजी करणारे काही पुणेकर