ज्यांना औषध मिळालं नाही, त्यांचे आभार आधी

रिकव्हरी चाचणीतल्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना,

सप्रेम नमस्कार.

२०२० च्या मार्चपासून ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत कोविडनं धाप लागलेली असताना, कोणतं औषध खरंच उपयोगी पडतं हे तपासणाऱ्या या चाचणीच्या संमतिपत्रावर तुम्ही सह्या केल्यात. पुढे डेक्सामेथासोन (सूज आणि प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड) कोणाला आणि फक्त नेहमीचे उपचार कोणाला, हे संगणकानं चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. २१०४ जणांना औषध मिळालं, ४३२१ जणांना नाही. या दुसऱ्या गटाचे आभार आधी. तुम्ही नसता, तर बरा झालेला प्रत्येक रुग्ण ज्याच्या त्याच्या डॉक्टरच्या आवडत्या औषधाच्या नावावर जमा झाला असता.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांपैकी २८ दिवसांत नेहमीच्या उपचारांत ४१.४ टक्के दगावले, डेक्सामेथासोनवर २९.३ टक्के. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत फरक कमी, २६.२ विरुद्ध २३.३ टक्के, पण खराच. आणि तेही काही रुपयांत मिळणाऱ्या जुन्या औषधानं!

ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता, त्या १५३५ जणांचं ऋण तर वेगळंच. त्यांच्यात औषधावरचे १७.८ टक्के दगावले, औषधाविना १४. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा दिसला नाही एवढं नक्की. सुरुवातीला विषाणू वाढत असतो आणि प्रतिकारशक्ती त्याच्याशी लढत असते. तेव्हा ती दाबायची नसते. साधारण आठवड्यानंतर फुप्फुसाचं नुकसान मुख्यतः सुजेमुळे होतं, तिथे स्टेरॉइड उपयोगी पडतं. ताप आला म्हणून घरीच गोळ्या सुरू करणाऱ्यांना आम्ही आजही तुमचेच आकडे दाखवतो.

तुमच्यामुळे मात्राही पक्की झाली: दिवसातून एकदा ६ मिलिग्रॅम, तोंडावाटे किंवा शिरेतून, जास्तीत जास्त १० दिवस; आधी घरी सोडलं तर तिथेच बंद. एवढ्या छोट्या कोर्सला मात्रा हळूहळू उतरवत न्यावी लागत नाही. मधुमेह नसलेल्याचीही साखर रोज तपासायची. सकाळी डोस दिला की उपाशीपोटीची साखर बरी दिसते आणि दुपार-संध्याकाळची चढलेली असते. नुसत्या सकाळच्या तपासणीवर विसंबणारे इथेच फसतात. साखर मोकाट आणि स्टेरॉइड लांबलेलं, या जोडीनं २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसला, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराला, वाट करून दिली. एका बाजूचा गाल दुखणं, नाकातून काळसर स्राव, वरचे दात हलणं, डोळा सुजणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं.

आपल्याकडच्या २ मिलिलिटरच्या कुपीत ८ मिलिग्रॅम औषध असतं. दीड मिलिलिटर भरलं की ६ होतात, आणि उरलेलंही देऊन टाकावंसं वाटतं. जास्त मात्रा तपासणाऱ्या नंतरच्या टप्प्यातल्या रुग्णांचेही म्हणून आभार: ऑक्सिजन न लागणारे किंवा साधा ऑक्सिजन लागणारे यांना पाच दिवस २० आणि पुढचे पाच दिवस १० मिलिग्रॅम दिल्यावर १९ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांत (त्यात आता बहुतेकांना कमी मात्रेचं स्टेरॉइड होतंच) १२. कुपीतला तो अर्धा मिलिलिटर आम्ही टाकून देतो.

तुमचे ऋणी,
कोविड वॉर्डात काम केलेले डॉक्टर आणि परिचारिका