पांढऱ्या पुडीबद्दल विन्याला

दोंडाईचा
१० फेब्रुवारी

प्रिय विन्या,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. माझं उभं आयुष्य स्टार्चच्या प्रयोगशाळेत गेलं आणि तेवढ्या वर्षांत तू मला "तुम्ही तिथे करता तरी काय?" एवढंसुद्धा विचारलं नाहीस. आता आजोबा झालास, स्वयंपाकघरात शिरलास, मंडळाचा सेक्रेटरी झालास, आणि प्रश्नांची गाडीभर पेंढी माझ्या दारात आणून टाकलीस. फोनवर तू मध्येच क्रिकेटवर घसरतोस, म्हणून लिहायला बसलो. पत्र जपून ठेव आणि वहिनींनाही वाचायला दे, कारण निम्मे प्रश्न त्यांचे आहेत हे मला कळतं.

आधी तुझं मंचुरियन. त्याचं पिठलं झालं, कारण तू पुडी चुकीची आणलीस. तिकडे अमेरिकेत 'कॉर्न फ्लोअर' मागितलं की अख्ख्या मक्याचं बारीक पिवळसर पीठ हातात पडतं. आपल्याकडे वीकफिल्डच्या डब्यावर जे कॉर्नफ्लोअर असतं, त्याला तिथे कॉर्नस्टार्च म्हणतात. पांढरंशुभ्र, चिमटीत दाबलं की करकरतं. तरी संशय आला तर पाकिटामागचा तक्ता बघ. प्रथिनं जवळजवळ शून्य असतील तर स्टार्च, शंभर ग्रॅममागे सहा-सात ग्रॅम दिसली तर ते पीठ. त्या पिठाची भाकरी कर. सातपुड्याच्या पायथ्याशी लोक पिढ्यान्‌पिढ्या मक्याची भाकरी खातात, वाया घालवू नकोस.

"ही पावडर केमिकलने बनवतात म्हणे" असं तुला कोणीतरी सांगितलंय. तुझी आई अंगणात कुरडयांसाठी गहू भिजत घालायची, वाटून कोंडा गाळून टाकायची आणि रात्रभर निवळल्यावर वरचं पाणी ओतून खालचा चीक घ्यायची, तोच हा प्रकार, फक्त टाक्या मोठ्या. मका पन्नासेक अंशांच्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजतो. त्या पाण्यात थोडा सल्फर डायऑक्साइड असतो, एवढंच काय ते केमिकल. त्यानं दाण्यातली प्रथिनं सैल पडतात आणि पाणी नासत नाही. मग भरडून अंकुर वेगळा काढतात, कारण तेल त्यात असतं. साल गाळणीत अडकते, आणि उरलेलं दूध जोरात फिरणाऱ्या यंत्रांत घातलं की हलकी प्रथिनं एकीकडे आणि जड स्टार्च दुसरीकडे जातो. धुवायचा, वाळवायचा, पोत्यात भरायचा. दाण्याचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग स्टार्चच असतो, त्यामुळे उतारा चांगला पडतो. आमच्या खानदेशात मका भरपूर, म्हणून तर दोंडाईच्यात स्टार्चचा कारखाना उभा राहिला. आणि गंमत बघ, मक्यातून स्टार्च वेगळा काढायचं तंत्र थॉमस किंग्जफर्ड नावाच्या माणसानं १८४२ साली बसवलं, ते तुझ्याच जर्सी सिटीत, कोलगेटच्या कारखान्यात नोकरी करताना. सुरुवातीला हा स्टार्च कपड्यांना खळ घालण्यासाठी होता. खाण्यात नंतर आला.

आता पातेल्याकडे ये. स्टार्चचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि थोड्या वेळानं तळाशी बसतात. म्हणून कालवून ठेवलेली वाटी ओतण्याआधी पुन्हा ढवळायची. साधारण बासष्ट ते बहात्तर अंशांच्या दरम्यान कण पाणी पिऊन फुगायला लागतात आणि उकळीच्या जवळ पोचलं की रस्सा खरा आळतो. तू कोरडी पावडर सरळ उकळत्या रश्श्यात टाकतोस, तेव्हा गोळ्याचं बाहेरचं कवच क्षणात शिजतं आणि आत कोरडं पीठ अडकून राहतं. त्या गुठळ्या मग घोटून मोडत नाहीत. कपभर रश्श्याला एक सपाट मोठा चमचा पुरतो. उकळी आल्यावर एक-दोन मिनिटं ढवळ, म्हणजे कच्चट चव जाते, आणि मग गॅस बंद कर. "आणखी घट्ट होईल" म्हणून अर्धा तास रटरटत ठेवलंस तर फुगलेले कण फुटून रस्सा पुन्हा पातळ होतो. व्हिनेगर आणि टोमॅटो केचपही शेवटी घाल, आंबटपणात जास्त वेळ शिजलं की घट्टपणा तुटतो.

कस्टर्ड रात्री दाट असतं आणि सकाळी पाणी पाणी होतं, हे कोडं वहिनींनी घातलंय. त्याचं उत्तर बहुधा तुझ्याजवळ आहे. तू चमच्यानं चाखतोस आणि तोच उष्टा चमचा परत भांड्यात घालतोस. लाळेतलं अमायलेज नावाचं पाचक विकर (एन्झाइम) स्टार्चचे तुकडे करतं, रात्रभरात भांडंभर काम करून टाकतं. कस्टर्ड पावडर म्हणजे तरी काय, हाच स्टार्च, रंग आणि वास. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं १८३७ मध्ये ती काढली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे. फ्रीजरमध्ये मात्र कॉर्नफ्लोअरचं काही ठेवू नका. वितळताना पाणी सुटतं आणि स्पंजासारखं काहीतरी उरतं.

माझ्या मते कॉर्नफ्लोअरचा सर्वात प्रामाणिक पदार्थ म्हणजे मुंबईचा तो लवचिक, काजू-बदामाचा कराची हलवा. तिथे ते दुसऱ्या कशाला दाटपणा देत नाही, स्वतःच पदार्थ असतं. एकदा करून बघ. हात दुखतील, पण शेजारच्या गुजराती बाई रेसिपी मागायला येतील.

साखरेचं विचारलंस. कॉर्नफ्लोअर म्हणजे निव्वळ पिष्टमय पदार्थ. तंतू नाही, प्रथिनं नाहीत, शिजवलं की रक्तात साखर भराभर चढते. पण मोठ्या चमच्यात ते सात-आठ ग्रॅम असतं, कॅलरी तीसेक. चार जणांच्या सूपमध्ये दोन चमचे गेले तर तुझ्या वाट्याला येणार किती? त्याचा हिशोब मांडत बसतोस आणि त्याच सूपाबरोबर तळलेल्या नूडल्स आणि वर दोन वाट्या भात खातोस. तुझ्या डॉक्टरांना तो भात सांग. व्हॉट्सॲपवर "पांढरं विष" म्हणून जे फिरतं ते वाचून सोडून दे. ते विष नाही, आणि पौष्टिकही नाही.

उपासाचं एका ओळीत: मका धान्य, म्हणून तो चालत नाही. शिंगाड्याचं पीठ किंवा आरारूट वापरा. फक्त आरारूटच्या पाकिटावर घटकद्रव्यं वाचून घ्या, त्यात मक्याचा स्टार्च मिसळलेला असू शकतो. वहिनींनी आयोडीनची परीक्षा लिहिली आहे, ती इथे कामाची नाही. खवा किंवा पनीर थोड्या पाण्यात उकळून, गार करून त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकले आणि निळं झालं तर स्टार्चची भेसळ आहे हे कळतं. पण आरारूट स्वतःच स्टार्च, तेही निळंच होणार. मक्याचा कण कोनाकोनांचा आणि आरारूटचा लांबट-गोल, हे बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. आमचं निम्मं काम तेच होतं.

तुझ्या पुतणीला दिवस गेलेत आणि ती कोरडं कॉर्नफ्लोअर चमच्यानं खाते, हे तू गंमत म्हणून लिहिलंस. मला त्यात गंमत वाटली नाही. एखादा चमचा कच्चा गेल्यानं काही होत नाही. पण आपल्याकडे गरोदर बायका पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजलेली माती खातात ना, त्यातलीच ही हाव, आणि तिच्यामागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते. तिला सांग, पुढच्या तपासणीत डॉक्टरांना हे न लाजता सांगायचं, लपवायचं नाही, आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही बघायचा.

कच्च्या स्टार्चची एक बाजू मात्र मला फार आवडते. काही मुलांच्या यकृतात साठवलेली साखर बाहेर काढणारं विकरच जन्मतः नसतं. दोन-तीन तास पोट रिकामं राहिलं की त्यांची साखर धोकादायक खाली जाते, झोपेतसुद्धा. पूर्वी अशा मुलांना रात्रभर नळीनं ग्लुकोज द्यावं लागे. १९८४ मध्ये डॉक्टरांनी दाखवलं की कच्चं कॉर्नस्टार्च पाण्यात कालवून दिलं तर ते हळूहळू पचतं आणि काही तास साखर धरून ठेवतं. पाणी थंडच हवं. गरम केलं की कण फुगतात, झटकन पचतात आणि उपयोग संपतो. मात्रा आणि वेळ डॉक्टर ठरवतात, घरी अंदाजानं करायचं काम नाही. पण स्वयंपाकघरातल्या डब्यानं त्या लेकरांच्या आईबापांना झोप दिली, हे खरं.

आता नात. अंघोळीनंतर पावडर लावायची का? टाल्क या खनिजाच्या भुकटीनं कर्करोग होतो अशा आरोपांच्या खटल्यांनंतर जॉन्सन अँड जॉन्सननं २०२३ मध्ये जगभर बेबी पावडरमध्ये कॉर्नस्टार्च आणला. त्यामुळे टाल्कचा प्रश्न सुटला, पावडरचा सुटला नाही. बाळाच्या नाकाशी धुरळा उडाला तर तो फुप्फुसात जातो, मग तो मक्याचा का असेना. बालरोगतज्ज्ञ आता पावडर नकोच म्हणतात. घड्या कोरड्या पुसा, लंगोट वेळेवर बदला, लाल झालं तर मलम लावा. आजी हट्ट करत असेल तर तिला हातमोज्यांची गोष्ट सांग. शस्त्रक्रियेचे रबरी मोजे हातात सरकावे म्हणून त्यांना आधी टाल्क लावत. ते वाईट ठरलं, म्हणून निरुपद्रवी समजून मक्याचा स्टार्च आला आणि कित्येक दशकं चालला. मग दिसलं की तो पोटात राहिला तर आत गाठी होतात, आतडी एकमेकांना चिकटतात. शेवटी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जानेवारी २०१७ पासून पावडरचे मोजे बंदच केले. पोटात रस्सा म्हणून गेलेला स्टार्च आणि पोट उघडून आत पडलेला स्टार्च, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि आता ज्यासाठी मी खरं तर पेन उचललं तो विषय: मंडळाची होळी. "रंग खाण्याच्या दर्जाच्या कॉर्नस्टार्चचा आहे, तेव्हा काळजी नाही" असं तू लिहिलंस. त्वचेपुरतं बरोबर आहे. पण पुढे लिहितोस की ब्लोअर लावून रंगाचे ढग उडवणार आणि शेजारीच बार्बेक्यू ठेवणार. विन्या, ते करू नकोस.

पोत्यातल्या स्टार्चला काडी लाव, तो नुसता काळवंडेल. तोच स्टार्च हवेत उडाला की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी प्राणवायू मिळतो, एक पेटला की शेजारचा पेटतो आणि क्षणात सगळा ढग जळतो. २७ जून २०१५ ला तैवानमध्ये न्यू तैपेईच्या एका वॉटर पार्कात हेच झालं. नाचणाऱ्या तरुणांवर रंगीत कॉर्नस्टार्च फवारत होते. स्टेजजवळच्या तापलेल्या दिव्यानं तो पेटला असं तपासात निघालं. पंधरा जणांचा जीव गेला, पाचशेच्या आसपास भाजले. उघड्या जागेत, विन्या. त्याच्या कितीतरी आधी, मे १९१९ मध्ये, तुमच्या अमेरिकेत आयोवातल्या सीडर रॅपिड्सचा स्टार्च कारखाना स्फोटात उडाला आणि त्रेचाळीस माणसं गेली. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की तुळईवर बसलेली धूळ दाबाच्या हवेनं कधीही उडवायची नाही, आणि प्रत्येक यंत्राला अर्थिंग हवं, कारण स्थिर विजेची ठिणगीसुद्धा पुरते.

आपल्याकडे गुलाल कशाकशाचा करतात ते करणाराच जाणे, पण हवेतली कोरडी भुकटी ती भुकटीच. मार्च २०२४ मध्ये उज्जैनच्या महाकाल मंदिरात होळीच्या दिवशी भस्म आरतीच्या वेळी गुलाल उधळला गेला आणि गाभाऱ्यात भडका उडून डझनभराहून जास्त लोक भाजले. त्याच वर्षी विधानसभेच्या निकालानंतर कोल्हापूर जिल्ह्यात एका विजयी मिरवणुकीत बायका आरती ओवाळत होत्या आणि वरून जेसीबीतून गुलाल ओतला. तिथेही तेच.

म्हणून एवढं कर. ब्लोअर, तोफा, सिलिंडरचे फवारे सगळं रद्द. रंग हातानं गालाला लावायचा. कार्यक्रम मैदानातच ठेव, पाऊस आला म्हणून हॉलमध्ये हलवू नकोस. होळी आदल्या रात्री पेटवा आणि रंगाआधी पूर्ण विझवा. बार्बेक्यू, जनरेटर, सिगारेटवाले सगळे वाऱ्याचा अंदाज घेऊन लांब. दम्याच्या लोकांना मागे उभं राहायला सांग, आणि मुलांना चष्मे दे. घरी गेल्यावर आधी कपडे बाहेर झटकायचे, मग पाणी. उलट केलंत तर केसांत खळ तयार होईल आणि बाथरूमची मोरी तुंबेल. कमिटीत कोणी "दरवर्षी करतो, काही होत नाही" म्हणालं तर त्यांना माझा नंबर दे.

जावयाचं राहिलं. त्याला गहू चालत नाही, तर कॉर्नफ्लोअर बिनधास्त चालेल, फक्त पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं बघ, कारण एकाच गिरणीत गहूही दळला जात असू शकतो. तुझ्या मंचुरियनमध्ये त्याला धोका आहे तो सोया सॉसचा, नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. आणि वरणाच्या फोडणीतल्या हिंगाचा, कारण आपल्या बहुतेक खड्या-भुकट्या हिंगांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. इथे तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. वहिनींची बहीण एप्रिलमध्ये तिकडे येतेय ना? तिच्या निघायची तारीख कळव, दोन डब्या नाशिकला पोचत्या करतो.

तुझा,
दिलीप