शिक्षकांचा आवाज बिघडण्याआधी मोजून ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू झाल्या की महिना-दोन महिन्यांत आवाज बसलेले शिक्षक आमच्याकडे येऊ लागतात, त्यातही शिक्षिका जास्त. मी वाचा-उपचाराचं काम करते. तुमचा मूळचा आवाज कसा होता, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, "चांगला होता, खणखणीत होता." त्या खणखणीत आवाजाची नोंद मात्र कुठेच नसते. नोकरीत रुजू होताना वैद्यकीय दाखला घेतात. ज्या अवयवावर पुढची तीस-पस्तीस वर्षं काढायची, त्या घशाबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

बाईंचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. तासिकेत प्रत्यक्ष आवाज निघण्याचा वेळ दहाच मिनिटं धरला, तरी एका तासिकेत एक लाख वीस हजार आघात होतात. बाहेर रहदारी, डोक्यावर पत्रा, समोर पन्नास मुलं असली की माणूस नकळत आवाज चढवतो आणि प्रत्येक आघात जड होत जातो. स्वरतंतूंवरच्या गाठी यातूनच तयार होतात. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांतली एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पाहणीच्या वेळी आवाजाची तक्रार असलेले शिक्षक ११ टक्के होते, इतर व्यवसायांतले लोक ६ टक्के. आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झालेल्यांचं प्रमाण शिक्षकांत जवळपास ५८ टक्के होतं, इतरांत २९. पोलंडमध्ये शिक्षकांचा असा जुनाट आवाजदोष व्यवसायजन्य आजार मानला जातो. आपल्याकडे कर्मचाऱ्यांना भरपाई देणाऱ्या कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा आहे, आवाज जाणं नाही.

आवाज मोजता येतो, हेच अनेकांना ठाऊक नसतं. एका श्वासात "आ" किती वेळ लांबवता येतो, हे साध्या घड्याळावर कळतं. निरोगी प्रौढ माणूस पंधरा ते पंचवीस सेकंद टिकतो, दहाच्या आत संपला तर तपासायला हवं. आवाजाची पट्टी, कंपनांतली अनियमितता, सुरात मिसळलेली खरखर हे सगळं संगणक काढून देतो. त्यासाठी ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी केलेलं 'प्रात' हे सॉफ्टवेअर जगभर फुकट वापरतात. त्याच्या जोडीला तयार कान लागतोच. आवाज एकूण किती बिघडला, किती घोगरा, किती हवा सुटणारा, किती क्षीण, किती ताणलेला, याला शून्य ते तीन गुण देण्याची जपानी पद्धत आम्ही रोज वापरतो. शिवाय माणसाला स्वतःला किती अडतंय, हे प्रश्नावलीतून विचारावं लागतं, कारण तेवढ्याच घोगरेपणाने हिशेबनीसाचं काम चालतं आणि शिक्षिकेचं थांबतं.

अडचण अशी की "निरोगी" या शब्दात फार मोठी जागा आहे. एखाद्या बाईंचा "आ" चोवीस सेकंदांवरून पंधरावर आला, तरी तक्त्यात त्या ठीकच दिसतात. त्यांच्या स्वतःच्या मानाने मात्र त्यांनी तिसऱ्या हिश्शाहून अधिक गमावलेलं असतं. हे ओळखायला त्यांचाच जुना आकडा हवा.

म्हणून माझी मागणी एवढीच : नव्या शिक्षकाचा आवाज रुजू होतानाच, तो निरोगी असताना नोंदवून ठेवावा आणि दर दोन वर्षांनी पुन्हा तपासावा. शांत खोली, एकच माईक, तोंडापासून ठरावीक अंतर, प्रत्येक वेळी तोच उतारा. याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांत प्रशिक्षणासाठी शिक्षक एकत्र येतातच. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून आणि राज्यातल्या इतर महाविद्यालयांतून वाचा-श्रवणशास्त्र शिकणारी मुलं देखरेखीखाली हे काम करू शकतील, त्यांचाही हात बसेल.

एक धोका मला दिसतो आणि तो खरा आहे. ही नोंद नेमणूक नाकारायला वापरली गेली, तर ती नसलेलीच बरी. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढणारा तरुण आधीच घसा बसल्याचं लपवतो. तेव्हा नोंद शिक्षकाकडेच राहावी, मुख्याध्यापकांकडे किंवा सेवापुस्तकात जाऊ नये.

आजचा शिरस्ता म्हणजे ज्येष्ठमध, खडीसाखर आणि मिठाच्या गुळण्या. घशाला त्याने बरं वाटतं, पण गिळलेली कुठलीही वस्तू स्वरतंतूंना लागत नाही. ती अन्ननलिकेत जाते, आणि लागलीच तर ठसका बसतो. यात महिने निघून जातात. तीन-चार आठवड्यांत आवाज सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र पाहून घेतलंच पाहिजे. तंबाखू किंवा विडी असेल तर आणखी लवकर. स्वरतंतूचा कर्करोग अगदी लहान असतानाच आवाज बदलून सूचना देतो, आणि त्या टप्प्यावर तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. गाठीही सुरुवातीला आल्या तर बोलण्याची पद्धत बदलून, व्यायामाने, बहुतेकदा शस्त्रक्रियेविना जातात. मोठ्या वर्गांत कमरेला लावायचा छोटा माईक दिला तरी ताण खूप उतरतो.

शालेय शिक्षण विभागाने निदान एका जिल्ह्यात, यंदाच्या नव्या नेमणुकांपासून हे करून पाहावं. नोंद कशी घ्यायची हे शिकवायला आमच्या क्षेत्रातले अनेक जण मोबदला न घेता येतील. मी स्वतः यायला तयार आहे.

आपली,
एक वाचा-उपचारतज्ज्ञ, नाशिक