बेस म्हणजे अर्धी गिटार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला वाद्यांवरचा लेख आवडला. पण बेस गिटारची ‘दोन तारा कमी असलेली गिटार’ अशी एका वाक्यात बोळवण केलेली पाहून राहवलं नाही. माझी उमेदीची वर्षं बँडमध्ये बेस वाजवण्यात गेली, त्या हक्काने हे पत्र.

तारा चार हे खरं. नावंही गिटारच्या जाड चार तारांचीच : ई, ए, डी, जी. पण सूर अख्खं सप्तक खाली. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, बेसची ४१ वेळा. एवढा खर्ज काढायचा तर तार जाड हवी आणि लांबही, नाहीतर ती सैल पडून पडद्यांवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या कडांवर, आपटते. फेंडर कंपनीने १९५१ साली आणलेल्या प्रिसिजन बेसवर तारेची लांबी ३४ इंच होती. बहुतेक बेसचं माप आजही तेच आहे.

एका तारेला सा धरा, पुढची तार तिचा शुद्ध मध्यम. चारही तारांत हेच अंतर. गिटारवर जी आणि बी यांच्यामध्ये गंधाराचं अंतर येतं आणि बोटांचा हिशेब बिघडतो. बेसवर ती भानगडच नाही : एक चाल हातात बसली की तीच बोटं सरकवायची, पट्टी बदलली. नवशिक्याने आधी बेसच घ्यावा असं माझं मत आहे. गिटारवाले काय म्हणायचं ते म्हणोत.

वाद्य लावायला हल्ली चिमट्याने अडकवायचा, सूर दाखवणारा ट्यूनर असतो, पण ई तारेच्या खोल आवाजाने तो पुष्कळदा गोंधळतो. मग कान कामाला लावायचे. ए तार सुरात आहे ना, ते बघून घ्यायचं. ई तारेवर पाचव्या पडद्याच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, आणि छेडताच उचलायचं. ए तारेवर सातव्या पडद्यापाशी तसंच. दोन बारीक, घंटेसारखे स्वर एकत्र घुमतात. ई उतरलेली असेल तर त्यांच्यात ‘वाँव वाँव’ अशी लहर येते. खुंटी पिळत जावं तशी लहर लांबते आणि सूर जुळला की विरते. तार नेहमी खालून चढवत आणावी. वरून उतरवली तर खुंटीत ढील राहते आणि दोन गाण्यांत सूर पुन्हा घसरतो.

याशिवाय ई तार डीपर्यंत उतरवून वाजवणारे आहेत, चारही तारा अर्धा स्वर खाली लावणारे आहेत. पाच तारांच्या बेसला ई तारेहूनही खालच्या सुराची बी तार असते. सहा तारांचेही बेस असतात. पण लेखासोबत ‘बेस’ म्हणून छापलेलं वाद्य त्यातलं नाही, तारांची जाडी पाहिली तरी कळतं. ती साधी गिटार आहे. पुढच्या अंकात चित्र बदलून छापावं, ही विनंती.

आपला,
एक बेसवादक