लंडी खाना

पुणे, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय बंड्या,

गुडघा सोडला तर तब्येत ठीक. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी साधा फोनही केला नाही, त्याची लाज वाटते. पण लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. १० ऑगस्टला हवाई दलाचे वैमानिक दिलीप पारुलकर गेले. बातमी वाचली आणि आधी तूच आठवलास. आता लंडी खान्यावरून भांडायचं कुणाशी?

७१ च्या युद्धात पकडला गेलेला, रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सोबतच्या वैमानिकांबरोबर भिंत पोखरून १३ ऑगस्ट १९७२ च्या वादळी रात्री माणूस बाहेर पडतो, पेशावरमार्गे लंडी कोतलपर्यंत पोचतो. अफगाण सीमा चार पावलांवर. तिथे लंडी खान्याची वाट विचारतो, आणि ते स्टेशन १९३२ पासून बंद! तिथेच संशय आला आणि तिघेही पकडले गेले. शाळेच्या अ‍ॅटलासात मात्र होतं. तू म्हणालास, ‘निष्काळजीपणा.’ मिरजेला उतरायचं ते झोपेत कोल्हापूर गाठलेला तू! मी वहिनींसमोर ओरडलो, तू ताटावरून उठलास. माझं अजूनही तेच म्हणणं आहे: कैदेत नवा नकाशा आणायचा कुठून? पण तुझा जीव त्यांच्यासाठी तुटत होता, हे मला आत्ता कळतंय.

कारण अमेय आता लढाऊ स्क्वाड्रनमध्ये आहे. कुठे ते विचारू नकोस. लहानपणी रोज रात्री त्याला ही भिंतीची गोष्ट हवी असायची. पकडलो गेलो तर पळून येईन, असं पारुलकरांनी आधीच आपल्या वरिष्ठांना सांगून ठेवलं होतं, हे मी केवढ्या अभिमानाने सांगायचो! १ डिसेंबरला सगळे वाघ्याला परत आले, की गोष्ट संपायची.

सगळे नव्हते आले रे. हवाई दलाचेच विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ ला गेले ते गेलेच. त्यांच्या पत्नी दमयंतीबाई, आपल्या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, २००७ मध्ये इतर बेपत्ता जवानांच्या नातेवाइकांबरोबर पाकिस्तानातले तुरुंग शोधून आल्या. हे मी अमेयला कधीच सांगितलं नाही. आता रात्री तीनला जाग येते, आणि त्या बाईंचाच विचार येतो.

परवा सूनबाई म्हणाली, ‘बाबा, चिंटूला ती भिंतीची गोष्ट सांगा ना.’ मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो.

नातीची दहावी कशी चाललीय? घराची गळती थांबली का?

आणि त्या पोराला गोष्ट कुठपर्यंत सांगू, ते लिही. तू सांगशील तिथपर्यंत सांगेन.

तुझा,
सुध्या