नोडच्या नावाखाली व्हीआरएसच्या पैशांवर डोळा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दादरला परवा एका हॉलमध्ये 'नोड घ्या, घरबसल्या कमवा' असा सेमिनार होता (नोड म्हणजे क्रिप्टोच्या नेटवर्कला जोडलेला, व्यवहार तपासणारा कॉम्प्युटर). शेजारचे काका व्हीआरएसचे पैसे गुंतवायच्या तयारीतच निघाले होते म्हणून मी पण सोबत गेलो. चहा-सामोसा झाला, मग स्क्रीनवर नुसते वर जाणारे आलेख. मी विचारलं, कुठल्या चेनचा (ब्लॉकचेन, म्हणजे व्यवहारांची सगळ्यांकडे असलेली वही) नोड? तर टाय लावलेलं पोरगं म्हणतं, "सर, आपली स्वतःची चेन आहे, टोकन लवकरच लिस्ट होतंय." टोकन म्हणजे त्या चेनवरचं नाणं, लिस्ट म्हणजे एक्सचेंजवर विकायला येणं. म्हणजे चेन त्यांची, टोकन त्यांचं, भाव पण तेच ठरवणार, रुपये तेवढे काकांचे.

मी स्वतः भांडुपला घरी बिटकॉइनचा फुल नोड चालवतो. राउटरच्या बाजूला जुना मिनी पीसी आणि १ टीबीची एसएसडी, बस. २००९ पासूनचा एकेक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) उतरवून तपासत बसतो तो, सुरुवातीला त्यातच कितीतरी दिवस जातात आणि मध्येच लाईट गेली की डेटाबेस खराब व्हायची भीती, म्हणून छोटा यूपीएस लावलाय. आणि कमाई? शून्य. बिटकॉइनमध्ये पैसे मायनरला, म्हणजे नवा ब्लॉक जोडायची शर्यत जिंकणाऱ्याला मिळतात, एप्रिल २०२४ च्या हाविंगनंतर (तेव्हा बक्षीस निम्मं झालं) ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन, आणि ती शर्यत एसिक मशीनच्या (फक्त मायनिंगसाठी बनवलेल्या) गोदामांची आहे, टूबीएचकेवाल्यांची नाही. नोड फक्त व्यवहार नियमात बसतात का ते बघतो. मला त्यात मजा येते म्हणून चालवतो (बायकोला अजून पटलेलं नाही).

इथेरियमवर मिळतात पैसे, खोटं कशाला बोला. सप्टेंबर २०२२ ला तिथे मायनिंग बंद होऊन स्टेकिंग (नाणी अडकवून व्यवहार तपासणं) आलं, पण स्वतःचा व्हॅलिडेटर (तपासणारं मशीन) लावायला ३२ ईथर (तिथलं नाणं) अडकवावे लागतात, मोठी रक्कम, आणि हातात येतं वर्षाला साधारण ३ टक्के, ते पण ईथरमध्ये, भाव पडला की गेलं. मशीन बंद राहिलं तर थोडा दंड कापतात, तो चालतो एक वेळ. पण लाईट जाईल या धास्तीने लोक दुसऱ्या मशीनवर तीच की (सही करायची गुप्त किल्ली) टाकून ठेवतात, दोन्ही एकदम चालू झाली की एकाच व्हॅलिडेटरच्या दोन उलटसुलट सह्या जातात आणि स्लॅशिंग होतं, म्हणजे मुद्दलालाच कात्री आणि व्हॅलिडेटर बाहेर. हे त्या हॉलमध्ये कोणी सांगितलं का? नाव नको.

टॅक्सचं तर कोणी तोंडच उघडलं नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के, वर सेस. विकताना १ टक्का टीडीएस. खरेदीची किंमत सोडून काहीच वजा होत नाही, मशीन नाही, वीजबिल नाही, एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून पण नाही. हे सगळं धरून महिन्याला ठरलेली रक्कम कोण कुठून देणार? गेनबिटकॉइन घोटाळ्यातल्यांनी १८ महिने दरमहा १० टक्के सांगितले होते, तेव्हा शब्द मायनिंग होता, आता नोड आहे. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी लोकांचे पैसे त्यात अडकले, तरी हॉल भरतोच.

काकांनी चेक दिला नाही, 'घरी विचारून सांगतो' म्हणून निघालो, पण त्यांना रोज फोन येतायत. माझं म्हणणं एवढंच की पेपरात अशा सेमिनारच्या जाहिराती घेताना निदान चेनचं नाव, टोकन सध्या कुठल्या एक्सचेंजवर विकता येतं आणि विकणारा एफआययूकडे (केंद्र सरकारचं फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट) नोंदलेला आहे का, एवढं तरी विचारा आणि उत्तर जाहिरातीतच छापायला लावा, उत्तर नसेल तर जाहिरात घेऊ नका.

– एक वाचक, भांडुप