सुपातल्या विड्या आणि पदवीचं शिक्षण

महोदय,

माझ्या आईने तीस वर्षं विड्या वळल्या. माझा मुलगा इथल्याच एका महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा गड्ड्याच्या यात्रेला माझी भाची मुंबईहून आली होती. ती सेंट झेवियर्समध्ये अर्थशास्त्र शिकते. सकाळी उठून ती सूप मांडीवर घेऊन आजीजवळ बसली. पान किती वेळ भिजवायचं, हजार विड्यांना किती तास लागतात, नापास झालेल्या विड्यांचं नुकसान कुणाच्या माथी पडतं, सगळं वहीत टिपत राहिली. आजीच्या अंगठ्याची निबर झालेली कातडी तिने हात लावून पाहिली. मुलगा शेजारीच मोबाइल घेऊन बसला होता. मी त्याला दोष देत नाही. चार वर्षांत कुठल्या सरांनी त्याला "घरी काय काम करतात?" एवढंही विचारलेलं नाही.

भाचीच्या महाविद्यालयात समाजात जाऊन काम करणं हा शिक्षणाचाच भाग आहे. १८६९ मध्ये जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी हे महाविद्यालय सुरू केलं. विद्यार्थ्याकडे पूर्ण माणूस म्हणून पाहायचं, ही त्यांची जुनी रीत. १९७३ मध्ये त्यांचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांपुढेच सांगितलं, की आमच्याकडून दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडली पाहिजेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० मध्ये कॅथलिक विद्यापीठांसाठी काढलेल्या दस्तऐवजातही ज्ञानशाखांची सांगड आणि संशोधनातलं नैतिक भान यांवर भर आहे. आम्ही माळकरी घरातले, पण यात मला परकं काहीच वाटलं नाही. डॉक्टरकीचं शिक्षण घेऊन १९३८ मध्ये चीनमधल्या जखमींसाठी धावून गेलेले डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचेच ना!

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि सामुदायिक सहभागाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. पण प्रकल्पाची तयार फाइल विकत मिळते. मुलगाही ती घेऊन आला, पाहून जीव तुटला. प्राध्यापकांनी मुलांना घेऊन निदान चार दिवस वस्तीत बसावं, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. यंत्रमाग आणि विडी कामगार शोधायला सोलापुरात लांब जावं लागत नाही. माझी आई शिकवायला तयार आहे. भाची गेल्यापासून ती रोज विचारते, "पोरीची वही पुरी झाली का?"

– एक पालक, साखर पेठ, सोलापूर